टिळ्यासाठी ठेवलेली जागा

कुमुदताई सोवनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं होतं, "आधी दार लावा, मग नमस्कार करा."

मी तेव्हा नुकताच डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन आमच्या सरकारी प्रयोगशाळेत रुजू झालो होतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, इंदरगंजच्या चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दरबारच्या काळातल्या एका बैठ्या इमारतीत ही प्रयोगशाळा होती. अंगात नवा कोट, बगलेत नेमणुकीचा हुकूम आणि डोक्यात हवा, असा माझा थाट. आमचे प्रमुख डॉ. भालेराव यांनी मला सगळीकडे फिरवलं आणि शेवटी 'गरम खोली' दाखवायला नेलं. दार उघडलं तर आत स्टुलावर उभ्या राहून एक बाई छताजवळच्या तारेशी काहीतरी करत होत्या. मी उंबऱ्यातच थांबून अदबीनं हात जोडले, आणि त्यांनी मागं वळूनही न पाहता वरचं वाक्य ऐकवलं. मी इतका गडबडलो की दार लावलं खरं, पण बाहेरून. आतून हसण्याचा आवाज आला. मला भयंकर राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही. ताईंच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात बाकीचे लेखक त्यांच्या विद्वत्तेविषयी लिहितील, ते योग्यच आहे. मी त्या गरम खोलीविषयी लिहिणार आहे, कारण माझं आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं बिऱ्हाड ग्वाल्हेरात टिकलं ते त्या खोलीमुळे.

ताईंचं घराणं दक्षिणेतून दरबारच्या पदरी आलेल्या भिक्षुकांचं. गोरखीच्या, म्हणजे जुन्या राजवाड्याच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. वडील पूजापाठ सांगत आणि मुलगी आग्र्याला जाऊन पदार्थविज्ञान शिकून आली. गावात याची चर्चा व्हायची ती झाली. पुढे प्रयोगशाळेतल्या उपकरणांची देखभाल करायला माणूस हवा होता, अर्ज थोडे आले, आणि ताईंची निवड झाली. उपकरणं म्हणजे काय, तर दोन सूक्ष्मदर्शक, एक कुरकुरणारं शीतकपाट आणि ही गरम खोली.

गरम खोली कशाला लागते, ते आधी सांगतो. विषमज्वर, पटकी असल्या रोगांचे जंतू ओळखायचे तर रोग्याचे नमुने काचेच्या नळ्यांत घालून माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवावे लागतात, म्हणजे सदतीस अंशांवर. ऊब कमी पडली की जंतू वाढत नाहीत आणि जास्त झाली की मरतात. दोन्ही वेळा अहवाल चुकतो, आणि चुकीच्या अहवालावर कुणाच्या तरी मुलाला चुकीचं औषध मिळतं. आमच्याकडे मुरैना, भिंड, शिवपुरीपासून नमुने येत. ग्वाल्हेरची हवा सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात भट्टी आणि माघात हात पाण्यात घालवत नाही. अशा गावात एक खोली वर्षभर एकाच उबेवर ठेवायची, ही काय थट्टा आहे?

ताई येण्यापूर्वी तिथं पत्र्याची एक पट्टी होती. दोन वेगळ्या धातूंचे पत्रे एकमेकांवर जोडलेले, गरम झाले की वाकत आणि हीटरचा संबंध तोडत, गार झाले की सरळ होऊन पुन्हा जोडत. दिसायला बेत झकास. पण हीटरचा सगळा भारी प्रवाह त्या पट्टीच्या टोकातूनच जायचा, ठिणग्या उडायच्या, टोक जळायचं आणि एखाद्या दिवशी चिकटूनच बसायचं. मग खोलीची भट्टी व्हायची आणि आठवड्याची मेहनत पाण्यात. ताईंनी पहिल्या महिन्यातच सांगितलं की यात पट्टीचा काही अपराध नाही, आपण तिच्यावर तीन माणसांचं काम लादलं आहे. एकानं ऊब बघायची, दुसऱ्यानं ठरवायचं आणि तिसऱ्यानं हीटर चालू-बंद करायचा. बघणारा नाजूक हवा आणि करणारा धट्टाकट्टा हवा. एकच माणूस दोन्ही कसा असेल?

मग त्यांनी तीन माणसं नेमली. बघणारा म्हणजे पाऱ्याचा थर्मामीटर, पण साधा नव्हे. त्याच्या नळीत वरून एक केसासारखी बारीक तार सदतीसच्या खुणेपर्यंत उतरवलेली आणि दुसरी तार खालच्या पाऱ्यात बुडलेली. खोली सदतीस अंशांवर आली की पारा चढून वरच्या तारेला टेकतो आणि दोन्ही तारा जोडल्या जातात. बस्स, त्याचं काम इतकंच, 'झालं' असं सांगणं. त्याच्यातून प्रवाह जाईल तोही जवळजवळ नाहीच म्हणावा असा, म्हणजे ठिणगी उडायला नको आणि पारा काळवंडायला नको.

इतका क्षीण निरोप हीटरपर्यंत कसा पोचायचा? तर मध्ये ठरवणारा, म्हणजे रेडिओत असतो तसला काचेचा व्हॉल्व्ह. ताईंनी तो इंदरगंजातल्या एका रेडिओवाल्याकडून निवडून आणला. व्हॉल्व्हच्या पोटात एक जाळी असते. तिला नुसती किंचित चिथावणी दिली की आतून वाहणारा बराच मोठा प्रवाह थांबतो. पारा तारेला टेकला की जाळीला निरोप जायचा, व्हॉल्व्ह प्रवाह थांबवायचा, आणि त्याच प्रवाहावर ओढून धरलेला रिले सुटायचा. रिले म्हणजे तिसरा माणूस, करणारा. तारेच्या गुंडाळीत प्रवाह असेपर्यंत लोखंडी पट्टी खेचून धरायची आणि प्रवाह गेला की टक् करून सोडून द्यायची. पट्टी सुटली की हीटर बंद. खोली जरा उतरली, पारा तारेपासून सुटला, की सगळं उलट व्हायचं आणि पुन्हा टक्, हीटर चालू. हे रिले दरबारच्या टेलिफोनच्या मोडीतले. संस्थान विलीन झालं तेव्हा असलं पुष्कळ सामान निकालात निघालं होतं, ताईंच्या वडिलांच्या एका यजमानाकडे ते पेटीभर पडून होतं.

आता कोणी म्हणेल, व्हॉल्व्ह जळाला तर? ताईंनी जोडणीच अशी केली होती की व्हॉल्व्ह मेला की रिले सुटणार आणि हीटर बंद पडणार. थंड पडलेली खोली परत गरम करता येते, जळलेल्या नळ्यांचं काही करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि आणखी एक खोच. हीटर बंद केला तरी तो लगेच निवत नाही, तवा चुलीवरून उतरवला तरी त्यावर आणखी एक भाकरी भाजून निघते तसं. म्हणून त्यांनी एक मोठा हीटर काढून टाकून भिंतीलगत चार लहान लावले आणि मध्ये एक पंखा संथ फिरत ठेवला, म्हणजे ऊब एका कोपऱ्यात दबा धरून बसणार नाही. खोली अर्ध्या अंशाच्या आत राहू लागली. भालेराव साहेब दिवसातून तीनदा आत जाऊन यायचे, नुसते कौतुकानं.

आता काळ कोणता होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझे वडील ग्वाल्हेर दरबारचे नोकर. मी नोकरीला लागलो तो मध्यभारत सरकारचा. आणि आता त्याच खुर्चीवर बसल्या बसल्या मी मध्यप्रदेशाचा होणार होतो. राज्यांची नव्यानं रचना व्हायची होती, मध्यभारत संपणार होता, राजधानी भोपाळला जाणार होती. गोरखीतल्या कचेऱ्यांपुढे ट्रक उभे राहत, कपाटं, दप्तरं, खुर्च्या चढत. दर आठवड्याला कुणाचा तरी निरोपाचा चहा. ज्यांच्या सात पिढ्या इथं गेल्या ती कुटुंबं भोपाळला घर कसं मिळेल हे विचारत फिरत होती. माझी आई तर रोज संध्याकाळी एकच विचारायची, तुझ्या खोलीचं काय ठरलं रे?

आमचं ठरलेलं काहीच नव्हतं. नव्या राज्यात इतक्या प्रयोगशाळा ठेवायच्या नाहीत असं ऐकू येत होतं. एक समिती गावोगाव फिरून बघणार, ज्या प्रयोगशाळेचं काम भरवशाचं असेल ती राहणार, बाकीच्यांची माणसं आणि सामान भोपाळला. आमच्याकडे भरवसा म्हणावा अशी एकच गोष्ट होती, गरम खोली. आणि समिती येणार होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

इथं तात्या जगदाळे यांची ओळख करून देतो. तात्या आमचे हेडक्लार्क. पूर्वज शिंदेशाहीच्या फौजेत होते, घरात तलवार होती, आणि खंडेनवमीला त्या तलवारीची पूजा झाल्याशिवाय त्यांच्या घरी चूल पेटत नसे. प्रयोगशाळेतही शस्त्रपूजा तात्याच करायचे. सूक्ष्मदर्शकाला, शीतकपाटाला, टाइपरायटरला झेंडूचं फूल आणि हळदकुंकू. आम्ही सगळे रांगेत उभे राहून खोबरं-साखर खायचो. ताईसुद्धा. भिक्षुकाच्या लेकीला यात वावगं काय वाटणार? त्या वर्षी तात्यांनी पूजा जास्तच मनोभावे केली. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, बायको आजारी, भोपाळचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा. आम्ही सगळे निघून गेल्यावर ते पुन्हा तबक घेऊन गरम खोलीत गेले होते, हे नंतर कळलं.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. एरवी गरम खोलीत पाऊल टाकलं की माझ्या चष्म्यावर वाफ धरायची, कारण नळ्यांतलं द्रव्य सुकू नये म्हणून आत पाण्याच्या थाळ्या ठेवलेल्या असत. त्या दिवशी मी आत शिरलो आणि चष्मा स्वच्छ राहिला. मला सगळं लख्ख दिसत होतं, आणि तेच वाईट होतं. खोली बाहेरच्या हवेइतकी थंड होती.

मी धावत जाऊन ताईंना घेऊन आलो, म्हणजे त्या फाटकातच भेटल्या, नाहीतर गोरखीपर्यंत धावलो असतो. मागोमाग भालेराव आले. ते मटकन खुर्चीत बसले. समिती यायला दोन-तीन तास होते आणि तेवढ्यात खोली सदतीसपर्यंत चढणं कठीण होतं. ताई मात्र व्हॉल्व्ह आणि रिले बसवलेल्या पेटीपुढे उभ्या राहिल्या. व्हॉल्व्ह तांबडा पेटलेला, म्हणजे जिवंत. रिले सुटलेला. त्यांनी थर्मामीटरकडून येणारी एक तार पेटीपाशी सोडवली. टक्. हीटर चालू. तार परत लावली. टक्. हीटर बंद. म्हणजे पेटी बिचारी सांगितलेलं ऐकत होती, तिला खोटं सांगणारा कोणी आत होता. आम्ही थर्मामीटरकडे बघितलं तर पारा सदतीसच्या कितीतरी खाली. तारेला टेकायचं नावच नको.

ताईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि थर्मामीटरचं डोकं जवळून पाहिलं. तिथं दोन तारा दोन उघड्या पेचांना बांधलेल्या होत्या, बोटभर अंतरावर. त्या दोन पेचांच्या बरोबर मधोमध, दोघांनाही कवेत घेणारा, हळदकुंकवाचा ठसठशीत टिळा होता. वर झेंडूची पाकळी.

ताईंनी तिथंच आम्हाला समजावलं. कुंकू हळदीला चुना आणि खार लावून करतात, आणि त्या दमट खोलीत ते सुकायचं नावच घेत नव्हतं. ओलसर कुंकवातून वीज अगदी थोडी जाते, इतकी थोडी की हाताला काय, दिव्यालाही कळणार नाही. पण आपला व्हॉल्व्ह मुद्दामच इतका हळवा केलेला, की पाऱ्याचा क्षीण निरोपही त्याला पुरावा. त्याला कुंकवाचा निरोप आणि पाऱ्याचा निरोप सारखाच. कुंकू म्हणालं, झालं सदतीस. त्यानं हीटर बंद ठेवला. दोन दिवस.

तात्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचा रंग असा उडाला की मला वाटलं आता पडतात. ज्याच्या बिघडण्याची सगळ्यात भीती तिथंच टिळा लावावा, देव तिथं नक्की बसेल, असं त्यांच्या मनात आलं होतं, हे ते कसंबसं सांगू शकले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी त्यांची मानगूट धरावी असंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

ताईंनी पदराच्या टोकानं पेच कोरडे पुसले, हीटर सुरू झाले. मग भालेराव साहेबांनी सुचवलं की समितीला रात्री बत्ती गेली होती असं सांगू. लष्करात बत्ती जाते हे कुणाला पटणार नाही? वाटलं तर दोन सिगड्या आत ठेवू, थर्मामीटरजवळ. साहेब वाईट माणूस नव्हते, आमची सगळ्यांची घरं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. मीही मान डोलावली. ताई स्टुलावरून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "साहेब, बत्ती गेली म्हटलं तर ते म्हणतील या गावात बत्तीचा भरवसा नाही, चला भोपाळला. आणि सिगडीनं थर्मामीटर फसेल, नळ्या फसणार नाहीत. काय झालं ते मी सांगते. दोष माझा आहे, पेच मी उघडे ठेवले."

तात्या मध्येच म्हणाले की बाईसाहेब, माझं नाव सांगा, माझी नोकरी गेली तरी चालेल. ताईंनी त्यांना समितीसाठी आपट्याची पानं काढून ठेवायला पाठवलं. दसरा होऊन एकच दिवस झालेला, पाहुण्यांना सोनं दिलं पाहिजे, असं म्हणाल्या. म्हणजे त्यांना काहीतरी काम दिलं.

समितीचे अध्यक्ष जबलपूरकडचे एक वयस्क अभियंते होते, कमी बोलणारे. बरोबर दोन अधिकारी. ते आले तेव्हा खोली चढत होती, पण पारा अजून सदतीसच्या बराच खाली. अध्यक्षांनी थर्मामीटर पाहिला आणि भुवया उंचावल्या. ताईंनी हिंदीत, सरळ, सगळं सांगितलं. पूजा झाली, टिळा लागला, जोडणी उघडी होती, ती जोडणी माझी. तात्यांचं नाव नाही. मग त्यांनी तबकातलं चिमूटभर कुंकू पाण्यात कालवलं आणि त्यांच्यासमोर दोन पेचांमध्ये लावलं. टक्. पुसलं. टक्. पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. तो कमी बोलणारा माणूस हसला. म्हणाला, आमच्या घरी छापखाना होता, वडील दसऱ्याला यंत्राला टिळा लावायचे, आणि एकदा अक्षरांच्या खिळ्यांत कुंकू जाऊन सगळं पत्रक लाल छापलं होतं.

मला वाटलं सुटलो. पण तो अभियंता होता, हसून झाल्यावर त्यानं नेमका प्रश्न विचारला. टिळ्यानं खोली थंड पडली, ठीक. पण उलटं झालं तर? "बाईजी, और अगर तार ही टूट जाए?"

भालेराव साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न बरोबर होता. तार तुटली तर पारा टेकला तरी निरोप पोचणार नाही, व्हॉल्व्ह चालूच राहील, हीटर चालूच राहील, आणि भट्टी. ताई म्हणाल्या, बघूच. आधी त्यांनी माझ्याकडून नळ्या उभ्या ठेवायचे सगळे लाकडी घोडे बाहेर काढवले. खोली सदतीसला येऊन दोनदा टक्-टक् करून स्थिर झाली, ती त्यांना दाखवली. मग पेच सैल केला आणि तार सोडून दिली. ती लोंबत राहिली.

आम्ही सगळे आतच उभे. दार बंद. हीटर लाल. पारा सदतीस ओलांडून वर निघाला. अध्यक्षांनी कोटाची बटणं काढली. भालेराव साहेब घामानं निथळत होते, तो सगळा घाम उबेचा नव्हता. तात्या ओठांतल्या ओठांत खंडोबाचं नाव घेत होते. मी चष्मा पुसत होतो आणि तो पुन्हा धुरकटत होता. आईला संध्याकाळी काय सांगायचं ते मी मनात जुळवू लागलो होतो. ताई पदराचं टोक हाताला गुंडाळून शांत उभ्या होत्या. पारा आणखी चढला.

मग कोपऱ्यातून आवाज आला. टक्. वेगळा, जाड आवाज. हीटर निवले. ताईंनी कोपऱ्याकडे हात केला. तिथं ती जुनी पत्र्याची पट्टी होती, दोन धातूंची, जिला आम्ही मोडीत काढलं असं समजत होतो. ताईंनी ती साफ करून, सदतीसच्या थोडं वर बेतून, हीटरच्या वाटेवर राखण बसवली होती. तिला रोज काही करायचं नव्हतं. रोजचं काम नाही म्हणून ठिणग्या नाहीत, ठिणग्या नाहीत म्हणून चिकटणं नाही. बाकीचे सगळे चुकले तरच तिनं उठायचं.

अध्यक्षांनी रुमालानं मान पुसली. बाहेर आल्यावर ताईंना म्हणाले, "मशीन तो ठीक है. आप यहाँ रहेंगी न?" ताई म्हणाल्या, "मशीन भी यहीं की है, मैं भी यहीं की." तात्यांनी अध्यक्षांना आपट्याचं पान दिलं.

दिवाळीनंतर हुकूम आला. प्रयोगशाळा ग्वाल्हेरातच राहणार. मी तो हुकूम आईला दोनदा वाचून दाखवला, तिला इंग्रजी येत नव्हतं तरी.

ताईंचं मोठेपण मला यापुढच्या गोष्टीत जास्त दिसतं. त्यांनी थर्मामीटरच्या पेचांवर काचेची टोपी बसवली, आत ओल जाऊ नये अशी मेणानं बंद केली. इतकं कुणीही केलं असतं. पुढच्या वर्षी खंडेनवमी आली तेव्हा तात्या रजेवर. त्यांनी कळवलं होतं की पूजा दुसऱ्या कुणी करावी किंवा करूच नये, सरकारी कचेरीत हे प्रकार बरे नव्हेत. ताई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. त्यांच्या आजारी पत्नीपाशी बसल्या, चहा घेतला, मग तात्यांना जवळजवळ हाताला धरून प्रयोगशाळेत आणलं. पेटीच्या झाकणावर, बरोबर मध्यभागी, त्यांनी रुपयाएवढी एक पितळी चकती स्क्रूनं बसवली होती. खाली लाकडाचा जाड ठोकळा, कुठल्याही तारेशी तिचा संबंध नाही. ताई म्हणाल्या, "तात्या, यंत्राला या गावात राहायचंय तर गावच्या रीती त्याला सोसल्या पाहिजेत. मी ते ध्यानात घेतलं नव्हतं. टिळा इथं लावा, हवा तेवढा." तात्यांनी टिळा लावला आणि आमच्यादेखत रडले. आम्ही सगळ्यांनी खोबरं-साखर खाल्ली.

विज्ञान शिकलेली पुष्कळ माणसं मी पाहिली. रीती मोडणारी पाहिली, रीतींपुढे लोटांगण घालणारीही पाहिली. चकती बसवणाऱ्या कुमुदताईच पाहिल्या.

पुढं त्यांनी मुलींच्या कॉलेजात शिकवलं, लष्करातल्या अर्ध्या घरांतल्या इस्त्र्या आणि गीझर त्यांच्या विद्यार्थिनी दुरुस्त करतात. आमच्या घरीही काही बिघडलं की मला कुणी विचारत नाही, माझी पत्नी ताईंकडे शिकली आहे आणि मला पेचकस धरायला ठेवते. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, पाऱ्याच्या जागी मोहरीएवढा मणी आला, जो गरम होईल तसा विजेला जास्त वाट देतो. रिलेऐवजी आवाज न करणारा नखाएवढा तुकडा. ताई मुलींना अजूनही तेच सांगतात, की बघणारा, ठरवणारा, करणारा, हे तिघं ओळखा आणि कोपऱ्यातली राखण विसरू नका. आमच्या ग्वाल्हेरी मराठीला पुण्याचे पाहुणे हसतात, त्यात निम्मी हिंदी असते म्हणून. ताई त्याच मराठीत सगळं शिकवतात आणि बिलकुल गडबड होत नाही.

मध्यंतरी राज्य फुटलं, नकाशे पुन्हा बदलले. प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली, पण गावातच राहिली. गेल्या खंडेनवमीला तिथल्या मंडळींनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. गरम खोलीचं नियंत्रण आता तळहाताएवढ्या डबीत मावतं. त्या डबीच्या शेजारी, लाकडाच्या पट्टीवर, ती पितळी चकती बसवलेली होती. तीच. कुंकवानं कडा काळपट लाल झालेल्या. तात्यांना जाऊन किती वर्षं झाली. एक तरुण मुलगी तबक घेऊन आली आणि दुसऱ्या नव्या मुलाला बजावू लागली, अरे डिब्बे पे नहीं, टिळा इथंच लावायचा असतो, हमेशा से यहीं लगता है. त्यानं का म्हणून विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. मी पुढं होऊन सगळी कहाणी सांगणार, तेवढ्यात ताईंनी माझी बाही ओढली. म्हणाल्या, राहू द्या, जागा ठाऊक आहे ना त्यांना, पुष्कळ झालं.

मी उंबऱ्यातच उभा राहून त्या चकतीकडे बघत होतो. मला भरून आलं होतं, आणि ते लपवायची माझी इच्छाही नव्हती. ताई आत गेल्या, मुलीनं दिलेली खोबरं-साखर हातावर घेतली आणि मागं वळूनही न पाहता म्हणाल्या, "डॉक्टर, दार."

मी दार लावलं. या वेळी आतून.

ताई, प्रकृती ठणठणीत ठेवा, आणि आणखी खूप खूप वर्षं आम्हाला दार लावायला सांगत राहा.